‘लागले’ म्हणजे नेमके काय? : दुखापतीचे शब्द आणि त्यांचा वापर

देहाला काही इजा झाली की माणसाच्या तोंडून प्रथम जे उद्गार निघतात, ते बहुधा ‘मला लागले’ एवढेच असतात. घरात एवढे पुरते. घरची माणसे जवळ असतात, ती पाहतात, विचारतात आणि काय झाले ते त्यांना समजते. परंतु हेच शब्द आरोग्य केंद्राच्या केसपेपरवर, पोलीस ठाण्यातील फिर्यादीत किंवा नुकसानभरपाईच्या अर्जात लिहिले जातात, तेव्हा ते अपुरे ठरतात. कोठे लागले, कशाने लागले, कातडी फाटली की नुसती सूज आली, स्वतः पडून लागले की कोणी मारले, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांत नसते. उपचाराची दिशा, गुन्ह्याचे कलम आणि भरपाईची रक्कम या तिन्ही गोष्टी मात्र नेमक्या याच प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असतात.

मराठी भाषा या बाबतीत दरिद्री नाही. उलट दुखापतीचे बारकावे सांगणारे जेवढे शब्द मराठी माणूस घरात सहज वापरतो, तेवढे कार्यालयीन कागदपत्रांत क्वचितच उतरतात. आपल्या भागात ही अडचण आणखी एका कारणाने वाढते. बांबोळी येथील गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात गोव्यातील रुग्णांबरोबरच सिंधुदुर्ग, बेळगाव आणि कारवार या बाजूंचेही रुग्ण येतात. कोणी कोकणीत बोलतो, कोणी मालवणीत, कोणी सीमाभागातील मराठीत. ऐकणारा डॉक्टर आणखी दूरचा असू शकतो. अशा वेळी शब्दांचा अर्थ दोन्ही बाजूंना सारखाच समजणे अगत्याचे ठरते.

चार मुख्य शब्द

इजा, दुखापत, जखम आणि मार हे चार शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो. पण ते समानार्थी नाहीत.

‘इजा’ हा मूळ अरबी शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आला. त्याचा अर्थ सर्वांत व्यापक आहे. कोणत्याही प्रकारचा उपद्रव म्हणजे इजा. ‘दुखापत’ हा शब्द ‘दुखणे’ या मराठी क्रियापदाच्या कुळातील असून तो मुख्यत्वे शरीरापुरता राहतो. वेदना हा त्याचा गाभा. रक्त आले पाहिजे असे नाही. ‘जखम’ हा फारसी शब्द. कातडी किंवा मांस फाटले, कापले वा भेदले गेले, तरच तिला जखम म्हणावयाचे. ‘मार’ हा शब्द परिणामापेक्षा आघातावर भर देतो. मार लागूनही जखम होत नाही, असे अनेकदा घडते.

संस्कृत ‘घात’ या शब्दापासून आलेला ‘घाव’ मराठीत आघात आणि जखम अशा दोन्ही अर्थांनी चालतो. ‘कुऱ्हाडीचा घाव घातला’ यात तो आघात आहे. ‘घाव भरून आला’ यात ती जखम आहे. त्याचेच जुने रूप ‘घाय’ कोकणीत जखमेच्या अर्थाने नांदते आहे आणि मराठीतील ‘घायाळ’ या शब्दातही ते उरले आहे.

‘व्रण’ या शब्दापाशी विशेष सावध राहावयास हवे. संस्कृतात आणि आयुर्वेदाच्या ग्रंथांत व्रण म्हणजे प्रत्यक्ष जखम. बोलीतील मराठीत मात्र जखम भरून आल्यावर मागे राहणारी खूण म्हणजे व्रण, किंवा वण. ‘हातावर व्रण आहे’ असे लिहिल्यास एकाला ती ताजी जखम वाटेल आणि दुसऱ्याला दहा वर्षांपूर्वीची खूण. अशा ठिकाणी ‘जुन्या जखमेची खूण’ असे सरळ लिहिणे श्रेयस्कर.

जखमेची जात

जखम कशी झाली हे तिच्या कडा सांगतात आणि मराठीतील क्रियापदेही तेच सांगतात. धारदार वस्तूने ‘कापते’ किंवा ‘चिरते’. अशा जखमेच्या कडा सरळ व स्वच्छ असतात. बोथट वस्तूच्या आघाताने कातडी ‘फाटते’ वा ‘फुटते’. तिच्या कडा वेड्यावाकड्या, चेचलेल्या असतात. कोयत्याने हात कापतो, पण दगडाने डोके फुटते. टोकदार वस्तू आत शिरली तर ‘भोसकले’ किंवा ‘टोचले’ म्हणतात. अशी जखम वरून लहान दिसते, पण तिची खोली अधिक धोकादायक असते. डोक्याला पडलेली उघडी जखम म्हणजे ‘खोक’. कातडीचा केवळ वरचा पापुद्रा घासून निघाला तर ‘खरचटले’. नख वा काटा ओढला जाऊन रेघ उमटली तर तो ‘ओरखडा’.

धारदार आणि बोथट हा फरक केवळ शब्दांचा नाही. कवटीसारख्या हाडावर कातडी ताणलेली असल्याने तेथे काठीच्या फटक्यानेही कापल्यासारखी सरळ जखम होऊ शकते. त्यामुळे ‘कापले’ असा शब्द फिर्यादीत गेला आणि वैद्यकीय तपासणीत बोथट वस्तूची जखम निघाली, तर खरे सांगणाऱ्या फिर्यादीच्या शब्दावरही संशय घेण्यास वाव मिळतो.

कातडी शाबूत राहून आत मार बसला तर त्यास ‘मुका मार’ म्हणतात. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. हा मार बोलत नाही. त्याला बोलते करावे लागते. छडीचे ‘वळ’, कपाळावरचे ‘टेंगूळ’, कातडीचे ‘काळेनिळे’ पडणे ही त्याची बाहेरची चिन्हे. रक्त कातडीखाली साकळल्याने आलेला हा रंग दिवसागणिक हिरवट, मग पिवळसर होत जातो आणि शेवटी मावळतो. म्हणूनच ‘काळेनिळे आहे’ एवढेच न लिहिता रंग, आकार आणि जागा यांची नोंद झाली, तर जखम साधारण किती जुनी असावी याचा अंदाज बांधता येतो. पोटावर किंवा डोक्यावर बसलेला मुका मार मात्र बाहेर काहीच चिन्ह न दाखवता आत रक्तस्राव करू शकतो. ‘जखम नाही, नुसता मुका मार आहे’ या वाक्यातील ‘नुसता’ हा शब्द म्हणूनच काढून टाकावयास हवा.

हाडे आणि सांधे

पाऊल वेडेवाकडे पडून घोटा ‘मुरगळतो’. कंबर ‘लचकते’. पाठीत किंवा बरगडीत ‘उसण भरते’. सांध्यातून हाड जागचे हलले तर सांधा ‘निखळला’ म्हणतात. हाड दुभंगले तर ते ‘मोडले’. वैद्यकीय परिभाषेत तो अस्थिभंग. मुरगळणे, निखळणे आणि मोडणे यांतील फरक सुजेवरून ठरत नाही, त्यासाठी क्ष-किरण तपासणी लागते. ‘मुरगळले आहे, चोळून बसेल’ अशा समजुतीने चोळलेला पाय प्रत्यक्षात मोडलेला असल्यास हाडाची टोके आतील मांसास आणि रक्तवाहिन्यांस अधिक इजा करतात.

भाजणे, पोळणे, चटका

उष्णतेच्या दुखापतीला मराठीत एकच शब्द नाही, हे भाषेचे भाग्यच होय. ज्वालेने ‘भाजते’. उकळते पाणी, तेल, पेज किंवा वाफ यांनी ‘पोळते’. तव्याचा क्षणभर स्पर्श झाला तर ‘चटका’ बसतो. आगीच्या जवळून जाणाऱ्या झळीने अंग ‘होरपळते’. कोकणीत भाजण्या-पोळण्याला ‘लासप’ म्हणतात. मराठीत ‘लासणे’ म्हणजे मात्र तापलेल्या लोखंडाने डाग देणे. एका कुळातील दोन शब्दांचा अर्थ असा वेगळा झाल्याने ‘हात लासला’ हे वाक्य ऐकणाऱ्याने पुन्हा विचारून घेणे बरे.

काजूच्या हंगामात आपल्याकडे आणखी एका प्रकारची दुखापत आढळते. काजूच्या बीच्या टरफलातील तेल अंगाला लागल्यास कातडी लाल होते, फोड येतात आणि नंतर सालपटे निघतात. कामकरी स्त्री याला ‘भाजले’ म्हणते, पण येथे आग नसते. ‘काजूचे तेल लागून पोळले’ असे सांगितल्यास कारण तत्काळ समजते.

ज्वालेने वा उकळत्या पाण्याने भाजल्या-पोळल्याच्या प्रसंगी प्रथम करावयाची गोष्ट एकच : भाजलेला भाग सुमारे २० मिनिटे साध्या थंड वाहत्या पाण्याखाली धरणे. बर्फ, तूप, शाई, दंतमंजन यांपैकी काहीही लावू नये.

चावा, दंश आणि ‘पान लागणे’

कुत्र्याचा ‘चावा’, सापाचा ‘दंश’, विंचवाची ‘नांगी’ आणि मधमाशीचा ‘डंख’ असे हे शब्द वाटून दिलेले आहेत. परंतु सापाचे नाव घेऊ नये, विशेषतः रात्री, अशी समजूत आपल्या खेड्यांत पूर्वापार आहे. त्यामुळे साप चावला असता ‘पान लागले’ असे म्हणण्याची जुनी रीत मराठीत आहे. कोकणात सापाला ‘जनावर’ म्हणतात, तेव्हा ‘जनावर चावले’ याचा अर्थही बहुधा साप चावला असाच असतो. बाहेरगावचा डॉक्टर किंवा नवखी परिचारिका ‘जनावर’ म्हणजे कुत्रे वा गुरे समजली, तर श्वानदंशाच्या लशीचा विचार होईल आणि सर्पविषावरील औषधास उशीर लागेल. येथे संकोच बाजूस ठेवून ‘साप’ हाच शब्द उच्चारला पाहिजे.

आपल्या देशात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालणारी एकच प्रतिविष लस वापरली जाते. मण्यारीच्या दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही आणि वेदनाही फार होत नाहीत. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस ‘काहीतरी चावले’ एवढेच सांगतो. हे ‘काहीतरी’ हलके समजू नये. पापण्या जड होणे, गिळताना त्रास होणे अशी लक्षणे असल्यास तीही त्याच वेळी सांगावीत.

कुत्र्याच्या बाबतीत नेमकी उलट चूक होते. ‘चावले नाही, नुसते नख लागले’ असे सांगून लोक घरी बसतात. रक्त न येता उमटलेला किरकोळ ओरखडाही लस घेण्यास पुरेसे कारण आहे. रक्त आले असल्यास लशीबरोबर जखमेत प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते. तत्पूर्वी साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे जखम धुवावी.

एका कान्याचे अंतर

आतापर्यंत काय झाले हे सांगणाऱ्या शब्दांचा विचार झाला. ते कोणी केले, हे सांगण्याची मराठीची रीतही ध्यानी घेण्याजोगी आहे. मराठीत अनेक क्रियापदांच्या जोड्या आहेत : पडणे आणि पाडणे, जळणे आणि जाळणे, मरणे आणि मारणे, फुटणे आणि फोडणे, तुटणे आणि तोडणे. जोडीतील पहिले क्रियापद आपोआप घडलेली गोष्ट सांगते. दुसरे कोणीतरी केलेली. ‘तो जिन्यावरून पडला’ हा अपघात. ‘त्याला जिन्यावरून पाडला’ हा गुन्हा. ‘ती जळली’ आणि ‘तिला जाळली’ यांत अंतर आहे ते एका कान्याचे. लेखनिकाच्या हातून तो काना गळाला, तर एखाद्या घरातील भयंकर सत्य कागदावरून पुसले जाते.

‘मोडणे’ आणि ‘भाजणे’ यांसारख्या क्रियापदांना अशी जोडी नाही. ‘त्याचा हात मोडला’ या वाक्यावरून हात पडून मोडला की कोणी पिरगळून मोडला, हे कळण्यास मार्ग नाही. ‘मार लागला’, ‘मार बसला’ यांतही मारणारा अदृश्यच राहतो. अशा ठिकाणी कर्त्याचा उल्लेख स्वतंत्रपणे केलाच पाहिजे : ‘अमक्याने हात पिरगळला, त्यामुळे तो मोडला.’

या व्याकरणाचा आडोसा सर्वाधिक घेतला जातो तो घरातील मारहाणीच्या प्रसंगी. डोळ्याखाली काळेनिळे पडलेली स्त्री रुग्णालयात येते. सोबत घरची माणसे असतात. ‘काय झाले?’ या प्रश्नाला ‘पडले, दार लागले’ असे उत्तर मिळते. ‘दार लागले’ या वाक्यात खोटे असे काहीच उच्चारावे लागत नाही. कर्ता दडवण्याचे काम क्रियापदच करते. तपासणाऱ्याने अशा वेळी रुग्णास एकांतात, धीर देऊन विचारले आणि तिचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले, तर पुढे तो कागद तिच्या उपयोगी पडतो. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा शरीरास वेदना देणाऱ्या वा इजा करणाऱ्या वागणुकीस शारीरिक छळ मानतो. हाड मोडेपर्यंत थांबण्याची अट त्यात नाही.

कायद्याच्या भाषेत

वर्तमानपत्रांतून ‘किरकोळ जखमी’ आणि ‘गंभीर जखमी’ असे शब्दप्रयोग रूढ आहेत. कायद्याच्या मराठी परिभाषेत मात्र ‘दुखापत’ आणि ‘जबर दुखापत’ असे दोन वर्ग आहेत आणि त्यांची व्याख्या ठरलेली आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ अमलात आली. तिच्या कलम ११४ नुसार शारीरिक वेदना, रोग किंवा विकलता उत्पन्न करणे म्हणजे दुखापत. कलम ११६ मध्ये जबर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. त्यांत एखाद्या डोळ्याची दृष्टी वा कानाची श्रवणशक्ती कायमची जाणे, अवयव किंवा सांधा गमावणे, डोके वा चेहरा कायमचा विद्रूप होणे आणि हाड किंवा दात मोडणे वा निखळणे यांचा समावेश होतो. जीव धोक्यात आणणारी दुखापत, अथवा जिच्यामुळे १५ दिवस तीव्र वेदना होतात किंवा नेहमीचे व्यवहार करता येत नाहीत अशी दुखापत हा आठवा प्रकार. जुन्या संहितेत ही मुदत २० दिवसांची होती.

म्हणजे हाताला दहा टाके पडले तरी ती साधी दुखापत असू शकते, आणि मारहाणीत एक दात निखळला तर ती जबर दुखापत ठरते. साध्या दुखापतीबद्दल १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. स्वेच्छेने केलेल्या जबर दुखापतीबद्दल ७ वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी तरतूद आहे. साध्या दुखापतीचा गुन्हा अदखलपात्र असल्याने दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून पोलिसांना त्याचा तपास करता येत नाही. जबर दुखापतीचा गुन्हा दखलपात्र आहे. धारदार वा घातक हत्याराने केलेली दुखापत साधी असली, तरी तिला ३ वर्षांपर्यंत कैद आहे आणि तोही गुन्हा दखलपात्र आहे. ‘कापले’ की ‘फुटले’ याचे महत्त्व येथे पुन्हा प्रत्ययास येते.

पैशाच्या बाबतीतही तेच. ठोकर देऊन पळून गेलेल्या अज्ञात वाहनाच्या अपघातात मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये, तर जबर दुखापत झाल्यास जखमी व्यक्तीस ५०,००० रुपये भरपाई देण्याची योजना १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. दाखल्यावर ‘पायास मार’ एवढेच लिहिलेले असेल, तर जबर दुखापत सिद्ध करणे अवघड जाते. ‘उजव्या नडगीचे हाड मोडले’ असे लिहिलेले असेल, तर शंकेस जागा उरत नाही.

कामगारांच्या भरपाईत तर बोटाच्या पेराचाही हिशेब असतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत अंगठा गेल्यास कमाईची शक्ती ३० टक्के, तर्जनी संपूर्ण गेल्यास १४ टक्के, तिचे एक पेर गेल्यास ९ टक्के आणि हाड शाबूत राहून केवळ टोक तुटल्यास ५ टक्के घटली असे धरले होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेलाही दुखापतींची अनुसूची जोडलेली आहे. ‘यंत्रात बोट गेले’ या वाक्यात बोट आत अडकले, की तुटले, की किती पेरांपर्यंत तुटले, हे काहीच समजत नाही.

पाच गोष्टी सांगाव्यात

दुखापत झालेल्या व्यक्तीने, किंवा तिला घेऊन येणाऱ्याने, डॉक्टरांना व पोलिसांना पाच गोष्टी सांगाव्यात :

१. जागा : उजवा की डावा, कोणता अवयव, कोणते बोट, कितवे पेर.
२. प्रकार : खरचटले, कापले, फुटले, मोडले, भाजले की मुका मार.
३. साधन : कशाने. वस्तू धारदार होती की बोथट, द्रव होता की ज्वाला, कोणता प्राणी.
४. कर्ता : आपोआप, स्वतःच्या हातून, की दुसऱ्या कोणी. ओळखीचा असल्यास त्याचे नाव.
५. वेळ : केव्हा झाले आणि त्यानंतर काय त्रास होत आहे.

योग्य शब्द सुचला नाही, तर हाताने दाखवावे आणि आपल्या बोलीतच सांगावे. लिहून घेणाऱ्याने बोलीतील शब्द तसाच नोंदवून पुढे त्याचा अर्थ लिहावा. पोलीस ठाण्यात तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती फिर्यादीस वाचून दाखवणे कायद्याने आवश्यक आहे आणि दखलपात्र गुन्ह्याच्या खबरीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. वाचून दाखवताना आपले शब्द आणि त्यांतील काने-मात्रा बरोबर उतरल्या आहेत की नाहीत, हे लक्ष देऊन ऐकावे आणि मगच सही करावी. रुग्णवाहिकेसाठी १०८, आणीबाणीच्या मदतीसाठी ११२ आणि स्त्रियांच्या मदतीसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ अशी म्हण मराठीत आहे. मागचा शहाणा व्हावयाचा, तर ठेच कोठे लागली, कशाने लागली आणि तो दगड वाटेत कोणी ठेवला, हे पुढच्याने स्पष्ट सांगितले पाहिजे. जखम भरण्याचे काम वैद्यकाचे. परंतु तिचे खरे नाव सांगण्याचे काम ज्याला लागले त्याचे, आणि ते जसेच्या तसे लिहून घेण्याचे काम टेबलापलीकडे बसलेल्याचे आहे.